आमच्या गावच्या खाणीची जनसुनावणी

मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय पार तळाला होता: 'दगडखाणीच्या वाढीव क्षेत्रास ना-हरकत दाखला मिळणेबाबत आलेल्या अर्जाचा विचार करणे.' त्याच्या वर पाणीपट्टीची थकबाकी, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल आणि स्मशानभूमीच्या शेडचे पत्रे. तिथपर्यंत पोचेस्तोवर निम्मे सदस्य चहा पिऊन उठायच्या बेतात असतात, हे अर्ज देणाऱ्यालाही ठाऊक असावं.

मी त्या सभेत महिला राखीव जागेवर निवडून आलेली सदस्य. डोंगराकडचा वॉर्ड माझा, म्हणजे खाणीकडचाच. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचा आमचा पट्टा अवर्षणप्रवण. डाळिंब, सीताफळ, थोडा कांदा आणि वर काळा पाषाण. पुण्याच्या चारी बाजूंनी इमारती आणि रस्ते उठतायत, त्यांना खडी लागते. नदीच्या वाळूवर बंधनं आल्यापासून त्याच दगडाची क्रश सँडही होते. त्यामुळे खाण गावाला नवी नाही. खाणवाल्यांकडे आधीचा खाणपट्टा (दगड काढायला सरकारने दिलेली जमीन) चार हेक्टरच्या आतला होता. आता त्याला लागून असलेले आणखी गट घेऊन तो दुपटीच्या वर न्यायचा होता.

सरपंच म्हणाले, "गावची पोरं कामाला आहेत, डंपर आपल्याच लोकांचे आहेत, दाखला द्यायला काय हरकत?" यात खोटं काही नव्हतं. आमच्या सदस्यांपैकी ज्यांच्या भावकीत डंपर किंवा पोकलेन नाही असे मोजकेच निघतील. मी एवढंच म्हटलं, की विषय ग्रामसभेपुढे न्या. मासिक सभेत हात वर करून मोकळं होण्याइतका तो लहान नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आम्ही अजून भाऊसाहेबच म्हणतो) मान डोलावली. त्यांनाही सही एकट्याच्या अंगावर नकोच होती.

पहिली ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यात जो आकडा कमी तो कोरम. तेवढेही आले नाहीत. तहकूब सभेला मात्र कोरमचं बंधन नसतं, जेवढे येतील तेवढ्यांवर सभा चालते. हे ज्यांना माहीत असतं ते पहिल्या सभेला घरी बसतात आणि दुसऱ्या सभेला माणसं घेऊन येतात. आम्हीही वस्तीवर घरोघर सांगून आलो. दुसऱ्या सभेला मारुतीच्या देवळाचा सभामंडप भरला आणि आवाज एवढा चढला की पारावरची म्हातारी माणसं उठून आत आली.

ठराव लिहायची वेळ आली तेव्हा खरी कसरत. पंचायतीच्या इतिवृत्ताची एक ठरलेली भाषा आहे: 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन…' दोन तासांची भांडणं, रडणं, हिशोब, सगळं त्या 'सविस्तर चर्चे'त गडप होतं. मी भाऊसाहेबांच्या शेजारी बसून म्हटलं, चर्चा काय झाली तीच लिहा. तडे गेलेल्या घरांचे मिळकत क्रमांक लिहा, विहिरींचे गट नंबर लिहा. ते कुरकुरले, पण लिहिलं. शेवटी ठराव असा झाला, की जनसुनावणी होऊन पर्यावरणाचा अंतिम अहवाल मिळेपर्यंत दाखल्याचा निर्णय राखून ठेवण्यात येत आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण गावोगाव यावरून गैरसमज आहे. अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रात, तिथल्या पंचायतींसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्यानुसार, गौण खनिजाचा (दगड, वाळू, मुरूम) पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक असते. आमचा भाग पेसात नाही. आमच्या ठरावाला वजन आहे, पण पट्टा आमच्या 'नाही'वर अडत नाही. पोरांनी मात्र त्याच संध्याकाळी 'ग्रामसभेने खाण रोखली' म्हणून स्टेटस टाकले होते.

मग जनसुनावणी का? आधीच्या पट्ट्याला तर कुणी विचारलंच नव्हतं. तालुक्याच्या गावी एक निवृत्त कर्मचारी आहेत, हयात गौण खनिजाच्या फायलींत गेलेली. त्यांनी नीट समजावलं. पूर्वी पाच हेक्टरच्या आतल्या खाणींना पर्यावरण मंजुरी लागतच नसे, म्हणून लोक मोठ्या डोंगराचे पाच हेक्टरच्या आतले तुकडे पाडून पट्टे घेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात ती पळवाट बंद केली आणि लहान पट्ट्यांनाही मंजुरी लागू झाली. २०१६च्या दुरुस्तीने लहान खाणींची मंजुरी तेव्हा जिल्हा पातळीवर आली आणि २५ हेक्टरपर्यंत सुनावणीही सुटली. त्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१८ साली हरकत घेतली. तेव्हापासून पाच हेक्टरच्या वर गेलं की पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवालही आला आणि जनसुनावणीही. शेजारच्या पट्ट्याची हद्द ५०० मीटरच्या आत असेल तर दोन्हींचं क्षेत्र एकत्र धरतात, त्याला क्लस्टर म्हणतात. आमच्या खाणीने विस्तार मागितला नसता तर ही सुनावणी आमच्या वाट्याला आलीच नसती.

सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रांत येते, एका राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या. पंचायतीत अहवालाचा मसुदा येऊन पडला. इंग्रजी मूळ अहवाल हातभर जाड, मराठी सारांश वहीएवढा. मसुदा लोकांनी वाचावा म्हणूनच ठेवलेला असतो, पण तो कपाटात जातो आणि कपाटाची किल्ली शिपायाकडे असते. आम्ही अर्ज देऊन तो टेबलावर ठेवून घेतला. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो शनिवार-रविवार येऊन इंग्रजी वाचायचा आणि मी गावाशी ताडून पाहायची.

वनस्पतींच्या यादीत कोकम आणि काजू सापडले. आमच्याकडे! जिथे बाभळीलाही पावसाची वाट पाहावी लागते. सल्लागार संस्थेने कोकणातल्या कुठल्यातरी कामाची यादी उचलून इथे चिकटवली होती. यावर सगळे हसले आणि सुनावणीत हेच वाजवायचं असं पोरांनी ठरवलं. मला तो मुद्दा फार कामाचा वाटला नाही. यादी दुरुस्त करून देतील, खाण तशीच राहील.

कामाचं होतं ते अंतर. अहवालात लिहिलं होतं, की सर्वांत जवळची लोकवस्ती ७०० मीटरवर आहे. ते गावठाणापर्यंतचं अंतर होतं. आमच्याकडे गावठाणात निम्मीच माणसं राहतात. बाकीची शेतात वस्त्या करून राहिलीत, तीन-तीन पिढ्या. डोंगराच्या पायथ्याची वस्ती तर नव्या गटाच्या बांधाला जवळजवळ लागून. वीज आहे, अंगणवाडी आहे, मतदार यादीत नावं आहेत, फक्त अहवालातल्या नकाशावर नाही.

गावनकाशा आणि गटाचे नकाशे काढून भाच्याने ते उपग्रहाच्या चित्रावर बसवले. मग चित्रावर भरवसा नको म्हणून टेप घेऊन बांधाबांधाने मोजलं. नव्या गटाच्या दक्षिण कोपऱ्यापासून पहिल्या घराची भिंत १६० मीटरच्या आसपास भरली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली हरित न्यायाधिकरणापुढे जे निकष मांडले, त्यात सुरुंग लावत असाल तर वस्तीपासून किमान २०० मीटर आणि सुरुंग नसतील तर १०० मीटर अंतर धरलं आहे. हा आकडा हाती लागला आणि आमच्या हरकतीला पहिल्यांदा कणा आला.

तड्यांचं प्रकरण अवघड होतं. घराला तडा गेला म्हटलं की समोरचा म्हणतो, बांधकाम कच्चं आहे, पाया काळ्या मातीत आहे. बऱ्याचदा ते खरंही असतं. वस्तीवरचे नाना जुने गवंडी. ते म्हणाले, "भेग जुनी का नवी हे भांडून कळत नाही. काच लाव." त्यांनी खिडकीच्या फुटक्या काचेच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या, भेगेच्या दोन्ही कडांना प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यांनी आडव्या चिकटवल्या आणि शेजारी भिंतीवर खिळ्याने तारीख कोरली. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते, कारण काच वाकत नाही. आम्ही वस्तीवरच्या घरांत पट्ट्या लावल्या. काही गावठाणातही लावल्या, खाणीपासून लांब, म्हणजे तुलना राहील. शिवाय सुरुंगाच्या वेळा वहीत लिहायचं काम अंगणवाडीच्या मदतनीस ताईंनी अंगावर घेतलं. त्यांना ते सोपं होतं, कारण दुपारी बार झाला की झोपलेली पोरं एकदम रडत उठायची.

वस्तीवरच्या बऱ्याच पट्ट्या तडकल्या, गावठाणातल्या टिकल्या. यावरून सिद्ध काय होतं? काटेकोर म्हणाल तर फारसं नाही. उन्हानेही भिंत हलते आणि वस्तीवरची घरं हलक्या बांधणीची आहेत. कंपनं मोजायचं यंत्र असतं आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७च्या परिपत्रकात मर्यादाही दिल्यात: खाणमालकाच्या नसलेल्या राहत्या घरांसाठी ८ हर्ट्झच्या खालच्या कंपनांना सेकंदाला ५ मिलिमीटर, आणि कंपनं जलद असतील तर १० ते १५. अहवालातली कंपनांची मोजणी गावठाणातल्या शाळेजवळ केलेली होती. म्हणून आम्ही 'खाणीने घरं पाडली' असं लिहिलं नाही. पट्ट्यांचे फोटो जोडले आणि मागणी केली, की हीच मोजणी वस्तीवर करा. पोरांना हे मिळमिळीत वाटलं.

विहिरींचं तसंच. अहवालातल्या पाण्याच्या पातळ्या हिवाळ्यातल्या. आम्ही मे महिन्यात दोरीला दगड बांधून मोजलेल्या पातळ्या गट नंबरवार दिल्या. सगळं लेखी, सुनावणीच्या आधी. प्रत्येक कागदावर आवक क्रमांक टाकून पोच घेतली.

सुनावणी खाणीच्या पायथ्याच्या माळावर मंडप घालून झाली. नियमच आहे, प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ घ्यायची. अपर जिल्हाधिकारी अध्यक्ष, सोबत प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, बाजूला पोलीस, समोर कॅमेरा. पुढच्या खुर्च्या सकाळीच भरलेल्या होत्या, क्रशरवरच्या माणसांनी आणि डंपरवाल्यांनी. मागे मोठ्या पातेल्यात मसालेभात शिजत होता, त्याचा वास मंडपभर.

सुरुवातीलाच सांगण्यात आलं, की इथे मतदान होणार नाही, फक्त म्हणणं ऐकून नोंदवलं जाईल. हे वाक्य बहुतेकांच्या डोक्यावरून गेलं. मला विचाराल तर सगळ्या प्रक्रियेतलं हेच एक वाक्य गावात दवंडी पिटून सांगायला हवं. लोक येतात ते हात वर करायला. किती जण विरोधात, किती बाजूने, हे कुणी मोजतच नाही. उपस्थितीची किमान संख्यासुद्धा ठरलेली नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी होते.

सल्लागाराने पडद्यावर चित्रं दाखवली. पाणी मारणार, ताडपत्री टाकणार, झाडं लावणार. मग लोक उठले. पोरांनी घोषणा दिल्या, कोकम-काजूवर टाळ्या घेतल्या. डंपरवाल्यांनी हप्त्यांचे आकडे सांगितले, आणि ते ऐकताना मला त्यांचा राग आला नाही; माझ्या चुलत दिराचाच त्यात एक डंपर आहे. एका माजी पदाधिकाऱ्यांनी स्वातंत्र्यलढ्यापासून सुरुवात केली आणि खाणीपर्यंत पोचायच्या आत त्यांना थांबवावं लागलं. क्रशरच्या खोल्यांत राहणारी एक बाई उठली. परप्रांतातून आलेली, हिंदीत बोलली. तिने विरोधही केला नाही आणि पाठिंबाही दिला नाही. खोल्यांत प्यायचं पाणी टँकरचं येतं आणि त्यावर धुळीची साय असते, एवढंच म्हणाली. अख्ख्या मंडपात ते सगळ्यांत खरं बोलणं होतं. तिच्या पाण्याबद्दल आमच्या हरकतीत एक ओळ नव्हती, कारण ती आमच्या मतदार यादीत नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी लेखी दिलेलंच वाचलं. वस्तीचा मुद्दा आल्यावर अध्यक्षांनी थांबवून सल्लागाराला विचारलं, "ही वस्ती तुमच्या नकाशात का नाही?" तो म्हणाला, सर्वेक्षणाच्या जुन्या नकाशात नाही म्हणून. अध्यक्ष म्हणाले, "माणसं आज राहतायत ना?" मंडप पहिल्यांदा शांत झाला.

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवतात. त्या दिवशीच्या सह्या त्यावरच होतात आणि पुढे मुंबईला जातो तो हाच कागद. पण तोवर भाताची पंगत बसली होती. वाचन ऐकायला आम्ही थोडेच उरलो. माझ्या मुद्द्यावर लिहिलं होतं: 'घरांना तडे जात असल्याबाबत ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली.' गट नंबर नाही, अंतर नाही, २०० मीटर नाही. मी उभी राहून म्हटलं, चिंता नाही साहेब, मोजमाप दिलंय; तेच लिहा. कुणीतरी मागून 'आता पुरे करा वहिनी' म्हणालं. अध्यक्षांनी मात्र दुरुस्ती करून घेतली आणि ती पुन्हा वाचायला लावली. टँकरच्या पाण्याचा मुद्दाही त्यात नव्हता, तोही घालून घेतला.

पुढचं सगळं राज्य पातळीवर. तज्ज्ञ समिती फाईल तपासते आणि तिच्या शिफारशीवर प्राधिकरण मंजुरी देतं. बैठकीची विषयपत्रिका आणि इतिवृत्त पर्यावरण मंजुऱ्यांच्या सरकारी 'परिवेश' पोर्टलवर येतं, भाचा ते पाहत राहिला. समितीने वस्ती दाखवणारा सुधारित नकाशा, वस्तीवरची कंपनांची मोजणी आणि भूजलाचा अभ्यास मागितला. बरेच महिने गेले. मंजुरी अखेर आली, पण नव्या गटाची दक्षिणेकडची पट्टी वगळून. म्हणजे सुरुंगाची जागा वस्तीपासून २०० मीटरच्या बाहेर गेली. सुरुंग दिवसा ठरलेल्या वेळी आणि भोंगा देऊन, भूजलाच्या पातळीखाली खोदाई नाही, हद्दीच्या आत साडेसात मीटरचा पट्टा सोडून त्यात झाडं, कामगारांना पिण्याचं शुद्ध पाणी. अशा अटींची मोठी यादी आहे.

गावात यावरून दोन तट पडले. पोरं म्हणतात, तुम्ही अटींवर बोलत बसलात म्हणून मंजुरी मिळाली. सरसकट विरोध केला असता तर खाण अडली असती. काहींनी मी मॅनेज झाले असंही म्हटलं, तोंडावर नाही, पण आमच्याकडे भिंतींनाही कान आणि तोंड दोन्ही असतं. मला त्यांचं पटत नाही. 'रद्द करा' हे इतिवृत्तात एका ओळीत बसतं आणि त्याला एका ओळीचं उत्तर मिळतं. १६० मीटरला उत्तर द्यायला त्यांना नकाशा बदलावा लागला. हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, पुण्यातच पीठ आहे. तो विषय निघाला, पण वर्गणीची वही फिरली तेव्हा सर्वांत जोरात ओरडणारेही हात आखडते घेऊ लागले. मग ते राहिलं.

दाखल्याचा राखून ठेवलेला विषय पुन्हा ग्रामसभेपुढे आला आणि अटींसह मंजूर झाला. मी विरोधात मत दिलं, कारण एक गोष्ट तशीच लोंबकळत होती: रस्ता. खाणीतून डांबरी सडकेला लागणारा रस्ता जिल्हा परिषदेचा, शाळेवरून जाणारा. अहवालात वाहतुकीवर दीड पान आहे आणि त्यात शाळा सुटायची वेळ नाही. खडीवर सरकारला ब्रासमागे (१०० घनफुटांमागे) ६०० रुपये स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, मिळतं. त्याच्या जोडीला खाणवाला जिल्हा खनिज प्रतिष्ठानात वेगळी रक्कम भरतो, ती खाणबाधित गावांसाठीच असते. त्यातून रस्ता व्हावा म्हणून आम्ही प्रस्ताव दिलाय. अजून त्यावर काही आलेलं नाही.

मंजुरीची प्रत पंचायतीने ३० दिवस फलकावर लावायची असते, ती लावून घेतली. अटींचा पूर्तता अहवाल खाणवाल्याला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. जूनचा अहवाल मागवला तर त्यात साडेसात मीटरच्या पट्ट्यात रोपं लावल्याचं लिहिलं होतं. नाना आणि मी जाऊन पाहून आलो. पश्चिमेच्या अंगाला कडुनिंब आणि करंज खरोखरच लावलेत, ठिबकसुद्धा टाकलंय. वस्तीच्या अंगाला नुसते खड्डे आहेत. तसं फोटोंसह लिहून कळवलंय. काचेच्या नव्या पट्ट्या नानांनी कापून ठेवल्यात, वाढीव गटातलं पहिलं काम सुरू होण्याआधी त्या लावायच्या आहेत.